बिनपट्ट्याचे शिपाई

पट्टा हा शब्द आपल्या मराठीत किती ठिकाणी राबतो पाहा. कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या माणसाला छातीवरून आडव्या गेलेल्या पट्ट्यामुळेच पट्टेवाला हे नाव मिळाले. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरतो, तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचा पट्टा असतो, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो, आणि संतापलेल्या माणसाच्या तोंडाचा पट्टा सुटतो. आज माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार आहे तो रुंदीला एक मिलिमीटरसुद्धा नसलेल्या एका पट्ट्यासाठी. फराळाचे ताट बाजूला ठेवून हे वाचा असे मी म्हणत नाही. चकली खात खात वाचले तरी चालेल. मात्र वाचून झाल्यावर अंगणातल्या किल्ल्याकडे एकदा निरखून पाहा, एवढी विनंती आहे.

मी सैनिकांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करतो. ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खरा सैनिक, त्याची बंदूक, त्याचा रणगाडा, सारे एकाच मापाने लहान करायचे. माझे आवडते माप एकास पस्तीस. या मापाने पावणेसहा फुटांचा जवान पाच सेंटिमीटरचा, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा होतो. हे माप पवित्र आहे असे कुणी समजू नये. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली, तेव्हा पोटात मोटार आणि सेल बसायला हवेत म्हणून तो आकार ठरला. हिशेब केल्यावर तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा निघाला, आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा उचलला. असो. लग्नाचे मुहूर्तसुद्धा कधीकधी हॉल कधी रिकामा आहे यावरच ठरतात.

आता माझी फिर्याद ऐका. या खोक्यांतून जे शिपाई निघतात त्यांच्या बंदुकीवर एकेक स्क्रू दाखवलेला असतो. नेम धरायची खूण असते, घोडा असतो, घोड्याभोवतीची कडी असते. नसतो तो एकच, खांद्यावर अडकवायचा पट्टा. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली 'थ्री नॉट थ्री' आठवा. तिच्या नळीच्या पुढच्या अंगाला एक कडी, दस्त्याखाली दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये जाड सुती पट्टा. पट्ट्यावाचून ती बंदूक तुम्ही क्वचितच पाहिली असेल. पण प्लॅस्टिकच्या शिपायाच्या हातात ती येते तेव्हा दोन्ही कड्या मोकळ्या असतात, नाहीतर त्या कड्याही नसतात. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे असतात ते सदऱ्यावर उमटवलेल्या वळासारखे. खांद्यावरून निघतात आणि पिशवीपाशी येऊन गडप होतात. पट्ट्याला माहेर आणि सासर दोन्ही असावे लागते. हे पट्टे माहेरून निघालेले दिसतात, पण सासरी कधी पोहोचतच नाहीत.

असे का होते? कारखानदाराला दोष देण्याआधी त्याची अडचण सांगितली पाहिजे. तुमच्या घरी मोदकाचा साचा असेल. दोन पाळी उघडल्या की मोदक सुटून येतो, कारण त्याच्या अंगाला आत वळलेला आकडा कुठेच नाही. मोदकाला कान काढायचे ठरवले आणि त्या कानांना भोके पाडायचे ठरवले, तर साचा उघडताना कान साच्यातच राहतील. प्लॅस्टिकच्या शिपायाचे तेच आहे. पोलादी साचा, त्यात दाबाने भरलेले वितळलेले प्लॅस्टिक, निवले की साचा सरळ रेषेत उघडायचा. अंगापासून सुटा, मागे हवा असलेला, वळसा घेऊन लोंबणारा पट्टा त्या साच्यातून निघूच शकत नाही. तेव्हा साच्याला झेपत नाही म्हणून पट्टा गेला, इथपर्यंत माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्यापुढच्या वाक्याशी. साच्याला झेपले नाही ते महत्त्वाचेच नव्हते, असे जे हळूहळू ठरून गेले, त्याच्याशी.

"अहो, पण दिसतो कुणाला?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की तो आता मला झोपेतही ऐकू येतो. घरच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि नवल म्हणजे हाच नाद असलेल्या माणसांनीही विचारला. त्यांना मी उलट विचारतो, दिसत नाही असे कोण म्हणतो? नुसत्या डोळ्यांना पट्टा दिसत नसेल, पण पट्टा नाही हे दिसते. न कळता दिसते. ज्या शिपायाच्या बंदुकीला पट्टा नाही त्याला ती हातातून खाली ठेवताच येत नाही. तो रात्रंदिवस बंदूक धरून उभा. त्याला कपाळावरचा घाम पुसता येत नाही, बाटलीचे बूच काढता येत नाही, घरून आलेले पत्र उघडता येत नाही, पडलेल्या सोबत्याला उचलता येत नाही. त्याचे दोन्ही हात शस्त्राने खाल्लेले आहेत.

माझ्या सांगण्यापेक्षा हे एका सहा वर्षांच्या मुलीने फार नेमके सांगितले. शेजारच्या वाड्यात किल्ला केला होता, आणि बाजारातून आणलेले मावळे एकेक करून बुरुजावर ठेवायचे काम तिच्याकडे होते. तलवार उगारलेला एक मावळा हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिला आणि मला विचारले, "काका, हा जेवायला बसतो तेव्हा तलवार कुठे ठेवतो?" मी तिच्या प्रश्नाला काय उत्तर देणार? त्या मावळ्याला म्यान नव्हते, म्यान लटकवायला पट्टा नव्हता, कमरेला शेला होता तोही रंगाने काढलेला. त्याला साच्यातून निघाल्यापासून जेवायची सोयच नव्हती. मोठी माणसे हसली. मला हसू आले नाही, कारण मोठमोठ्या प्रदर्शनांतल्या परीक्षकांना न सुचलेला प्रश्न त्या पोरीने विचारला होता.

पट्टा म्हणजे सैनिकाला परत मिळालेले दोन हात. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते नुसते कवित्व नाही हे दाखवायला आपल्याच माणसांकडे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण पडला किंवा जखमी झाला. आपल्यासोबत कुणी येऊ शकत नाही हे ठाऊक असताना ते एकटे धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला टॉमीगनने टिपले. पुढे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात एक तपशील आहे तो मला कधी विसरता येत नाही. गोळ्यांची पेटी बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांवर ती सोट्यासारखी चालवली. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते कोसळले. त्यांचे शव मिळाले नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि इकडे माणगावला त्यांचा पुतळा आहे.

पेटी बदलायला वेळ नव्हता. या चार शब्दांत हात, कंबर, पट्टा, खिसा आणि बकल एवढे सारे भरलेले आहे. दुसरी पेटी असते कुठे? छातीशी, पट्ट्यांना अडकवलेल्या जाड कापडी खिशात. खिशाचे झाकण उघडायचे, पेटी काढायची, रिकामी काढून भरलेली बसवायची. सरावलेल्या हाताला काही क्षणांचे काम. ते काही क्षण त्या दिवशी माणगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला मिळाले नाहीत. ज्या प्रतिकृतीत तो खिसा म्हणजे सदऱ्यावरचा एक फुगवटा आहे, जिथे त्याचे झाकण उघडणारे नाही आणि पट्टा कुठे बांधलेला नाही, तिथे हे क्षण कुठून दिसणार? तिथे घाडगे म्हणजे बंदूक उगारलेला आणखी एक शिपाई. असले शिपाई बाजारात डझनाने मिळतात.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. ते कंपनीचे निरोप्ये होते. नदी ओलांडताना गोळीबारात सोबतचे लोक पडले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेले, आणि परत येऊन दुसऱ्यालाही नेले. मग शत्रूच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबाँब घेतले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते घरी परत आले. आता मला सांगा, या पराक्रमाची प्रतिकृती करायची तर काय करावे लागेल? कमरेपर्यंत पाणी, पाठीवर माणूस, दोन्ही हात त्या माणसात गुंतलेले. अशा वेळी बंदुकीला हातात जागा नसते. उगारलेल्या बंदुकीचे शिपाई बनवणाऱ्यांना हा पराक्रम दाखवताच यायचा नाही. तो दाखवायला आधी पट्टा करावा लागेल.

म्हणून तो कसा करतात ते आता सांगतो. हौशी नसलेल्यांनीही वाचावे, कारण इथे निसर्गाची एक गंमत आहे.

तुम्ही म्हणाल, बारीक फीत घ्या आणि लटकवा, त्यात काय एवढे? करून पाहा. फीत लटकत नाही. ती ताठ उभी राहते, शेळीच्या कानासारखी आडवी जाते. कारण असे की वस्तू पस्तीसपट लहान केली की तिची लांबी पस्तिसावा हिस्सा होते, पण वजन पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. थ्री नॉट थ्रीचे वजन चार किलोच्या थोडे आत. तिला त्याच पोलादाने आणि लाकडाने एकास पस्तीस मापात घडवले तर वजन भरेल सुमारे नव्वद मिलिग्रॅम. सोनाराच्या जुन्या तराजूत एक गुंज सुमारे सव्वाशे मिलिग्रॅमची. म्हणजे ज्या बंदुकीने जवानाचा खांदा सोलून निघायचा ती इथे एका गुंजेलाही उतरत नाही. प्लॅस्टिकची तर त्याहून हलकी. एवढ्याशा वजनाने कुठला पट्टा ताणला जाणार?

तेव्हा वजन करावे लागते, जसे नाटकात रिकामी पेटी उचलताना नटाला करावे लागते. त्यासाठी असा पदार्थ हवा की जो वाकवाल तसा राहतो आणि पुन्हा मान वर करत नाही. जुन्या हौशी लोकांचा आवडता पदार्थ शिशाचा पातळ पत्रा. परदेशात तो मद्याच्या बाटल्यांच्या गळ्यावरून मिळायचा. शिसे विषारी म्हणून ते झाकण नव्वदीच्या दशकात बंद झाले. आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडच्या जुन्या पद्धतीच्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटात शिशाचा तसाच पत्रा असतो. तो मऊ आणि आज्ञाधारक खरा, पण मुलांच्या हाती कधीही देऊ नका, आणि स्वतः हाताळला तर हात साबणाने धुतल्याशिवाय लाडवाला लावू नका. घरातल्या माणसांसाठी दुसरे उपाय आहेत. पातळ कागदाला दोन्ही अंगांनी पाणी घातलेला फेविकॉल लावून वाळवला की बरे काम देतो. रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी काचेवर चिकटवून तिथेच कापली तर कडा साफ येतात. चॉकलेटचा चंदेरी कागदही चालतो, पण तो फार लवकर चुरगळतो.

माप नीट घ्यावे. त्या बंदुकीचा पट्टा सव्वा इंच रुंद. आपल्या मापात ०.९ मिलिमीटर. मोहरीचा दाणासुद्धा बहुधा याहून जाड निघेल. कमरेचा पट्टा सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. हा साज १९३७ साली ठरलेल्या नमुन्याचा, आणि तो कातड्याचा नव्हे, नवारीचा. हो, ज्या नवारीने आपल्याकडे पलंग विणायचे तसलीच जाड, घट्ट विणीची सुती पट्टी. बोअर युद्धात कातड्याच्या पट्ट्यांनी दगा दिल्यावर ब्रिटिशांनी १९०८ पासून पायदळासाठी नवार पत्करली. छातीशी दोन मोठे खिसे, त्यांतून निघालेले पट्टे खांद्यांवरून मागे जातात आणि पाठीवर एकमेकांना छेदून कमरेच्या पट्ट्याला येऊन मिळतात. मागे छेदतात म्हणूनच ते खांद्यावरून घसरत नाहीत. आमच्या घरी पोळपाट-लाटण्यात हयात गेलेल्या एका मावशींना मी हे समजावत होतो, तर त्या म्हणाल्या, "मग काय, लहान मुलाची चड्डी अशीच टिकते." त्यांना पाठीवरची फुली एका वाक्यात कळली.

कापायला कात्री नको. कात्री कड वळवते. नवे ब्लेड, पोलादी पट्टी, एकाच ओढीत. बकलासाठी जुन्या विजेच्या वायरीतली केसासारखी तांब्याची तार काढावी, ती चपट्या पातळ काडीभोवती शेजारी शेजारी गुंडाळावी, काडी काढून घ्यावी आणि गुंडाळी एका अंगाने उभी कापावी. एका फटक्यात डझनभर चौकोनी कड्या. चिमट्याने एकेक उचलून पट्ट्यावर ओवायची. या वेळी शिंक येऊ देऊ नये आणि पंखा बंद ठेवावा.

पण खरे काम इथून पुढे. पट्टा खांद्यावर बसवताना तो कुठे ताणला आहे आणि कुठे सैल आहे हे ठरवायचे. बंदूक उजव्या खांद्यावर असेल तर पट्ट्याची पुढची बाजू ताठ, मागची किंचित फुगलेली. खांद्यावरचा सदरा पट्ट्याखाली चिमटतो, दोन्ही बाजूंनी सुरकुत्या पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो खांदा थोडा वर उचललेला असतो, कारण ओझे घसरू नये म्हणून माणूस नकळत खांदा चढवतो. पाण्याची घागर कमरेवर घेतलेल्या बाईकडे पाहा, शाळेची पिशवी एका खांद्यावर टाकलेल्या पोराकडे पाहा; देह कसा कलतो ते तिथे दिसेल. मी हे पुस्तकांतून शिकलो नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिले की ओझ्याचे सारे शास्त्र डोळ्यांसमोरून चालत जाते.

सैन्याच्या ओझ्यावर लिहिणारेही लोक आहेत. अमेरिकेच्या एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० साली सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. थकवा आणि भीती माणसाच्या अंगावर सारखाच परिणाम करतात, म्हणून शिपायाला लादून मारू नका, असा त्यांचा सेनापतींना सांगावा होता. सेनापतींना जे सांगावे लागले ते खेळणी करणाऱ्यांना कोण सांगणार? त्यांचे शिपाई तर ओझ्याखालीही छाती पुढे काढून उभे असतात, फोटोला उभे राहिल्यासारखे.

आता तयार पट्टे विकणाऱ्यांची बाजू. हल्ली पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा तेजाबाने कोरून त्यात बकले, कड्या, पट्टे सारे काढून देतात. बकले घ्यावीत, माझ्या तांब्याच्या कड्यांपेक्षा ती सुबक असतात हे मान्य. पण पट्टे? पितळ वाकते, लोंबत नाही. त्याला पीळ बसत नाही, खांद्यावर ते माया करून बसत नाही. कडक इस्त्रीच्या गणवेशासारखे ते आपल्याच ऐटीत राहते. त्या पट्ट्यांनी सजवलेला शिपाई म्हणजे तालमीला आलेला नट. खोगीर नवे, तंग नवा, घोडा मात्र कधी धावलाच नाही. किमती तर विचारू नका. एका शिपायाच्या पट्ट्यांच्या पैशात पन्नास शिपायांचा कागद येतो.

एका प्रदर्शनाची हकीकत सांगतो. गावाचे आणि मंडळाचे नाव कशाला? तिथे मी एक शिपाई ठेवला होता. बंदूक खांद्याला, डाव्या हातात पाण्याची बाटली, मान मागे टाकून पितो आहे. पट्ट्यावर माझे अकरा दिवस गेले होते. परीक्षकांनी भिंग लावले, बराच वेळ पाहिले, मला आशा वाटली. मग ते म्हणाले, "काम बारीक आहे, पण वीररस कमी पडतो." बक्षीस मिळाले तोंड उघडून ओरडणाऱ्या आणि बंदूक उगारलेल्या एका शिपायाला. त्याच्या बंदुकीला पट्टा नव्हता, कमरेला बाटली नव्हती, गोळ्यांचे खिसे रिकामे चपटे. बक्षीस गेल्याचे दुःख नाही असे लिहायचा प्रघात आहे. मला ते झाले, चांगले दोन दिवस झाले. पण त्याहून मोठा प्रश्न उरतो. बाटलीवाचून, गोळ्यांवाचून, पट्ट्यावाचून तो वीर लढाईपर्यंत पोहोचला कसा? टॅक्सी करून?

हा वीररस नव्हे, ही वीररसाची जाहिरात आहे. शौर्य म्हणजे हातातले शस्त्र आणि उघडे तोंड, एवढेच ती मुलांना शिकवते. शौर्याच्या आधीचे मैल, चिखल, भूक, खांद्यावर उमटलेला वळ, यांतले काही ती शिकवत नाही. आणि मग तीच मुले मोठी होऊन लढाईच्या बातम्या क्रिकेटच्या बातम्यांसारख्या वाचतात, तेव्हा आपण नवल करतो.

यावर काही सज्जन मला म्हणतील, मग मुलांच्या हाती शिपाई देताच कशाला? द्या फुलपाखरे, द्या मोर. या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा उपाय मला पटत नाही. सैनिक जगात आहेत, आपल्या घरांतून गेलेले आहेत, सीमेवरून दिवाळीला न येणारे आहेत. मुलांपासून ते लपवून काय साधणार? एच. जी. वेल्ससारख्या थोर लेखकाने १९१३ साली शिशाच्या शिपायांनी खेळायच्या लढाईचे एक पुस्तकच लिहिले, आणि असा लुटुपुटूचा खेळ खेळला की खऱ्या युद्धाचा मूर्खपणा उमगतो असा दावा केला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई पाडताना मुलाला उमगते ते एवढेच, की पाडण्यात मजा आहे. त्या शिपायाचा पट्टा ज्या मुलाने स्वतः केला, चार संध्याकाळी डोळे ताणून बकल ओवले, त्याला तो शिपाई तोफेपुढे उभा करा म्हणावे. तो करणार नाही. निदान मी पाहिलेल्यांपैकी कुणी केला नाही.

आणि आता तुमच्या अंगणात येतो. महाराष्ट्रात घरोघरी दिवाळीला पोरे मातीचा किल्ला करतात. लहान हातांनी युद्धाची प्रतिकृती करायची एवढी जुनी आणि एवढी घरगुती चाल आपल्याजवळ असताना मी जपानी खोक्यांचे काय घेऊन बसलो, असे कुणी म्हणेल तर ते योग्यच आहे. दगड रचतात, चिखल लिंपतात, हळीव पेरतात, तळे करतात, गुहा करतात. किल्ल्याच्या बाबतीत आपली पोरे कुणाला हार जाणार नाहीत. आणि मग त्या हाताने केलेल्या किल्ल्यावर येऊन उभे राहतात ते बाजारातले साचेबंद मावळे. सगळ्यांचा हात वर, सगळ्यांची तलवार उगारलेली, पहारेकऱ्याची, शेतकऱ्याची आणि दळणाऱ्या बाईच्या शेजारी उभ्या असलेल्याचीसुद्धा. खोगीरभरती म्हणतात ती हीच.

यंदा निदान एक मावळा घरी करा. शाडू मिळाली तर उत्तम, नाहीतर कुंडीतली चाळलेली चिकणमाती. हात मोकळे ठेवा. एक कमरेवर, एक वाटल्यास मिशीवर. तलवार पत्र्याच्या डब्याच्या झाकणातून वडीलधाऱ्यांनी कापून द्यावी, कडा घासून. म्यान कागदाचे, तलवार आत सरकेल एवढे. पट्ट्याला जुन्या खणाच्या काठाची बारीक चिरफळी घ्या, फेविकॉलच्या पाण्यात बुडवा, आणि ओली असतानाच मावळ्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे आणा; उजव्या हाताने उपसायची तलवार डावीकडे असते, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर ती हमखास उलटी बांधतील. म्यानाला दोन ठिकाणी दोरा बांधून पट्ट्याला अडकवा, म्हणजे ते सरळ खाली न पडता मागे झुकते. ढाल पाठीवर टाका, तिलाही दोरी लागेल. ओला पट्टा बोटाने जरा खाली ओढून धरा, वजन आहे असे दिसेल इतका, आणि सुकेपर्यंत सोडू नका. पाच मिनिटे लागतात. मावळा उन्हात ठेवू नका, तडकतो. सावलीत दोन दिवस. आज बसलात तर भाऊबीजेच्या सकाळी तो बुरुजावर जाईल. बुरुजाखाली एखादी पणती ठेवा, पण जरा लांब, कारण काठाची चिरफळी पेट घेते.